डेलावेअरला थंड पाण्याचा हक्क हवा

३१ मे २०२८ रोजी एक करार संपतोय. न्यूयॉर्क शहर आणि न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर ही चार राज्यं, अशा पाच पक्षांनी तो २०१७ साली केला. डेलावेअर नदीच्या उगमाकडच्या डोंगरांत न्यूयॉर्क शहराची तीन धरणं आहेत आणि त्यांतून केव्हा, किती पाणी खाली सोडायचं हे या करारात ठरलेलं आहे. या धरणांच्या खाली अमेरिकेतल्या ट्राउट माशांच्या उत्तम नद्यांपैकी एक वाहते. तिला उन्हाळ्यात लागणारं थंड पाणी आज इतर सगळ्यांची वाटणी झाल्यावर उरलंसुरलं म्हणून मिळतं. पुढच्या करारात ते हक्काचं म्हणून मिळायला हवं आणि तो हक्क नुसत्या क्युसेकमध्ये न मांडता पाण्याच्या तापमानात मांडला जायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

मराठी वाचकाला या विषयाशी आपला काय संबंध, असं वाटू शकेल. मध्य न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांचा तरी थेट संबंध आहे. एडिसन, न्यू ब्रन्सविक या पट्ट्यात नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग डेलावेअर अँड रॅरिटन कालव्यातून येतो. १८३०च्या दशकात मालवाहू नावांसाठी खोदलेला हा कालवा आज डेलावेअरचं पाणी उचलून आपल्या भागाला पाजतो. आपण रोज सकाळी चहाला जे पाणी ठेवतो त्यातलं काही या तीन धरणांच्या खालून वाहत आलेलं असतं. शिवाय करारातला कुठलाही बदल पाचही पक्षांच्या संमतीशिवाय होत नाही. म्हणजे न्यू जर्सी राज्याच्या होकाराला आणि नकाराला वजन आहे, आणि आपण त्या राज्याचे रहिवासी आहोत.

धरणांची नावं पेपॅक्टन, कॅननस्व्हिल आणि नेव्हरसिंक. पेपॅक्टन नदीच्या पूर्व फाट्यावर, कॅननस्व्हिल पश्चिम फाट्यावर आणि नेव्हरसिंक त्याच नावाच्या उपनदीवर. तिन्हींचा मिळून वापरण्याजोगा साठा २७१ अब्ज गॅलन, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ३६ टीएमसी. पुण्याच्या खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा साठा २९ टीएमसीच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज यावा. नेव्हरसिंक आणि पेपॅक्टन १९५०च्या दशकात भरली, कॅननस्व्हिल १९६४ मध्ये कामाला लागलं. त्यासाठी डोंगरातली गावं उठवली गेली. कॅननस्व्हिल, बीअर्स्टन, रॉक रिफ्ट, रॉक रॉयल आणि ग्रँटन एका धरणाखाली गेली. एरिना, पेपॅक्टन, शेवरटाउन आणि युनियन ग्रोव्ह दुसऱ्या. घरं, शाळा, गोठे पाडले गेले आणि कबरी उकरून दुसरीकडे नेल्या गेल्या. कोयना, उजनी, पानशेतच्या धरणग्रस्तांच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. दीड-दोनशे किलोमीटरवरच्या शहराची तहान भागवायला त्या खोऱ्याने आपली जमीन दिली, हे पुढचा सगळा युक्तिवाद करताना विसरू नये.

पाण्याच्या हक्काचा वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९३१ च्या निकालात न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं की नदी ही केवळ एक सोय नसते, ती ठेवा असते. तिच्यावर ज्यांची सत्ता आहे त्यांच्यात तिचं पाणी मोजून वाटावं लागतं, हेही त्यांनी त्याला जोडूनच सांगितलं. १९५४ मध्ये तो निवाडा सुधारला गेला. शहराला खोऱ्याबाहेर रोज ८० कोटी गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे ३०० कोटी लिटर पाणी नेण्याची मुभा मिळाली. न्यू जर्सीला रोज १० कोटी गॅलन मिळाले. त्या बदल्यात शहराने धरणांतून एवढं पाणी सोडायचं की खाली न्यू जर्सीतल्या माँटेग्यू या ठिकाणी नदी १,७५० क्युसेकच्या खाली जाऊ नये. हा हिशेब पाहायला रिव्हर मास्टर नावाचा अधिकारी नेमला गेला आणि आजही तो दररोजचा विसर्ग ठरवून देतो.

निवाड्यात शहर होतं, राज्यं होती, माँटेग्यूचा आकडा होता. धरणाची भिंत आणि माँटेग्यू यांच्यामधल्या नदीचं काय, याचा विचार जवळजवळ नव्हता. सुरुवातीच्या काळात पेपॅक्टनमधून खाली किमान सोडायचं पाणी उन्हाळ्यात १९ क्युसेक आणि हिवाळ्यात ६ क्युसेक होतं. सहा क्युसेक! पावसाळ्यात खडकवासल्यातून पाच हजार, दहा हजार क्युसेक सोडल्याच्या बातम्या वाचणाऱ्याला सहा क्युसेक म्हणजे किती हे कळायला वेळ लागेल. एवढ्या मोठ्या नदीच्या पात्रात ते पाणी गोट्यांमधून जेमतेम झिरपत असे. १९७७ पासून हे आकडे वाढत गेले, कारण खालच्या लोकांनी आणि मासेमारांनी ती लढाई सोडली नाही. २००७ मध्ये साठ्याच्या पातळीनुसार विसर्ग ठरवणारी लवचीक पद्धत आली. साठा जास्त असेल तर जास्त सोडायचं, कमी असेल तर हात आखडायचा. हे मोठं पाऊल होतं आणि ज्यांनी ते घडवलं त्यांचं श्रेय त्यांना मिळालं पाहिजे.

आता ट्राउटकडे येतो. ट्राउट हा गार पाण्यातला मासा आहे. पाणी २० अंश सेल्सियसच्या वर गेलं की त्याला त्रास व्हायला लागतो, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. पारा २५ च्या आसपास काही तास टिकला तर मासे मरू लागतात. धरणं होण्याआधी हॅनकॉक गावाच्या खालची मुख्य नदी उन्हाळ्यात चांगलीच तापायची आणि तिथे प्रामुख्याने बास मासा असायचा. धरणांनी ते बदललं. खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचं पाणी कोमट, तळाचं सात-आठ अंशांचं. विसर्ग तळाकडून होतो, त्यामुळे ऐन जुलैत भिंतीच्या खालून बर्फासारखं गार पाणी बाहेर पडतं आणि मैलोन्‌मैल खाली जातं. त्या गारव्यावर रानटी ट्राउट पोसला गेला. दरवर्षी हॅचरीतून आणून सोडावा लागणारा मासा हा नव्हे. तो याच नदीच्या गोट्यांत अंडी घालतो, याच पाण्यात वाढतो.

हे सगळं हॅनकॉक गावात एका जागी दिसतं. तिथे पूर्व आणि पश्चिम फाटे एकत्र येतात आणि मुख्य डेलावेअर सुरू होते. जुलैतल्या एका घामट दुपारी मी दोन्ही फाट्यांत उतरून तापमापक धरला होता. पश्चिम फाट्यात पारा बारा-तेराच्या आसपास होता. पाण्यावर विरळ धुकं तरंगत होतं आणि गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की काही मिनिटांत पोटऱ्या बधिर होत होत्या. तिथून थोडं चालून पूर्व फाट्यात गेलो तर पारा पंचविसाला टेकलेला. पाणी कोमट, दगडांवर शेवाळ, एकही मासा उडी घेताना दिसेना. वर जाऊन पाहिलं तेव्हा डोंगरातून एक छोटा ओहोळ जिथे फाट्याला मिळतो तिथे ट्राउट एकमेकांना खेटून, तोंडं त्या ओहोळाकडे करून उभे होते. गार पाण्याची ती बैलगाडीएवढी जागा सोडून त्यांना दुसरं कुठे जाता येत नव्हतं. अशा वेळी तिथले समंजस मासेमार गळ टाकत नाहीत. पाणी २० अंशांच्या वर गेलं की धरून सोडलेला मासाही बरेचदा वाचत नाही, हे ते जाणतात.

दोन फाट्यांत हा फरक का? कॅननस्व्हिलच्या खोऱ्यात पूर्वापार दुभत्या जनावरांची शेती आहे. तिथलं फॉस्फरस जलाशयात येतं, शेवाळ माजतं, पाण्याची चव बिघडते. पेपॅक्टन आणि नेव्हरसिंकचं पाणी स्वच्छ. म्हणून शहर पिण्यासाठी ही दोन धरणं राखतं आणि माँटेग्यूचा कोटा पुरा करायचा भार मुख्यतः कॅननस्व्हिलवर टाकतं. शहराच्या दृष्टीने हे योग्यच आहे, मी त्याला दोष देत नाही. पण यातून दिसतं ते असं की पश्चिम फाट्याला मिळणारा गारवा हा नदीसाठी घेतलेल्या निर्णयाचा परिणाम नव्हता. तो दुसऱ्याच कुठल्या हिशेबाची बाकी होती.

आणि बाकी म्हणून मिळालेल्या गोष्टीचा भरवसा नसतो. माँटेग्यूला पाणी पोहोचायला धरणापासून दोन-अडीच दिवस लागतात, त्यामुळे रिव्हर मास्टरला हवामानाच्या अंदाजावर विसर्ग ठरवावा लागतो. वाटेत पेनसिल्व्हेनियातल्या वॉलनपॉपॅक जलाशयाचं आणि न्यूयॉर्कमधल्या माँगॉप नदीवरच्या जलविद्युत केंद्रांचं पाणी नदीत येतं. वीज तयार होते त्या दिवशी तिथून भरपूर पाणी येतं, मग वरच्या धरणांतून कमी सोडलं तरी चालतं. वीजनिर्मिती थांबली की वरून पुन्हा जास्त सोडावं लागतं. माँटेग्यूच्या पुलाखाली सरासरी अगदी व्यवस्थित राहते आणि दीडशे-दोनशे किलोमीटर वर पश्चिम फाटा मात्र कधी दुथडी भरून, कधी अर्धं पात्र उघडं. कडेच्या गोट्यांखालचे किडे, ज्यांच्यावर ट्राउट जगतो, ते पाणी अचानक ओसरलं की उन्हात वाळून मरतात. पाऊस चांगला झाला तर माँटेग्यूला वरच्या पाण्याची गरजच उरत नाही. विसर्ग कमी होतो आणि नेमक्या उष्णतेच्या लाटेत नदी तापते. कागदावर सगळे नियम पाळलेले असतात.

२०१७ च्या करारात यावर उपाय म्हणून पाण्याची एक छोटी पेढी ठेवली गेली. नदी तापण्याची चिन्हं दिसली की तिच्यातून जादा पाणी सोडायचं आणि हॅनकॉकच्या खाली मुख्य नदीवरच्या लॉर्डव्हिलसारख्या ठिकाणी पारा ७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २४ अंश सेल्सियसच्या वर जाऊ द्यायचा नाही. कल्पना अगदी योग्य आहे. या पेढीत किती पाणी आहे? वर्षाला २,५०० क्युसेक-दिवस. म्हणजे २,५०० क्युसेकने एक दिवस किंवा २५० क्युसेकने दहा दिवस. टीएमसीत सांगायचं तर ०.२१६. पाव टीएमसीसुद्धा नाही! ३६ टीएमसीच्या साठ्यातला हा अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त भाग. एका उष्णतेच्या लाटेत चार दिवस ३०० क्युसेक जादा सोडलं तर १,२०० क्युसेक-दिवस खर्ची पडतात. दुसरी लाट आली की पेढी संपत आली. तिसरी ऑगस्टमध्ये आली तर नदीने काय करायचं?

शहराची बाजू हलकी नाही आणि ती नीट मांडली पाहिजे. १९६१ ते १९६७ चा दुष्काळ या खोऱ्यातला नोंदवलेला सर्वांत वाईट. १९६४ च्या नोव्हेंबरात समुद्राचं खारं पाणी नदीतून इतकं वर चढलं की फिलाडेल्फियाच्या पिण्याच्या पाण्याच्या उपशापासून ते जेमतेम आठ मैलांवर राहिलं. १९६५ मध्ये शहराने खाली पाणी सोडणंच बंद केलं आणि आणीबाणी जाहीर करावी लागली. ऐंशी लाखांहून जास्त माणसांच्या पाण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी तो दुष्काळ डोळ्यांसमोर ठेवूनच साठ्याचा विचार करावा. मासे जगवायला धरण रिकामं केलं आणि पाऊस आला नाही तर त्यांना कोणी माफ करणार नाही. २०२४ च्या शरद ऋतूत त्याची झलक दिसली. पाऊस इतका कमी झाला की नोव्हेंबरात शहराला दुष्काळाचा इशारा जाहीर करावा लागला. बावीस वर्षांत तशी वेळ आली नव्हती.

पण त्याच नोव्हेंबरात आणखी एक गोष्ट घडली. या तीन धरणांचं पाणी शहराकडे नेणारा बोगदा ८५ मैल लांब आहे, आणि १९९०च्या दशकापासून तो गळतोय हे सर्वांना माहीत आहे. गळतीचा अंदाज दिवसाला सुमारे दोन कोटी गॅलन, कधी त्याहूनही जास्त. शहराने हडसन नदीच्या खालून अडीच मैलांचा वळसा-बोगदा खोदून ठेवला आहे. तो जोडण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये मुख्य बोगदा बंद केला आणि दुष्काळामुळे महिन्या-दीड महिन्यात ते काम थांबवावं लागलं. एवढं अवघड काम हाती घेणाऱ्या अभियंत्यांबद्दल मला आदरच आहे. तरीही हिशेब करून पाहा. ट्राउटच्या पेढीतलं वर्षभराचं पाणी म्हणजे सुमारे १६० कोटी गॅलन. दिवसाला दोन कोटींच्या गळतीत तेवढं पाणी तीन महिन्यांच्या आत जमिनीत मुरतं. उष्णतेच्या लाटेत नदीला द्यायला पाणी नाही असं ज्या व्यवस्थेत म्हटलं जातं, त्याच व्यवस्थेत हे पाणी तीस-पस्तीस वर्षं गेलं. गळती थांबेल तेव्हा वाचणाऱ्या पाण्यात नदीचा वाटा आधीच लिहून ठेवावा, एवढीच माझी मागणी आहे.

शहराचा पाणीवापरही आता तो राहिलेला नाही. १९७९ च्या सुमारास न्यूयॉर्क दिवसाला दीड अब्ज गॅलन पाणी वापरत होतं. आता लोकसंख्या तेव्हापेक्षा दहा लाखांहून जास्त वाढली असूनही वापर एक अब्जाच्या आसपास आला आहे. मीटर बसले, गळत्या शोधल्या गेल्या आणि १९९४ ते १९९७ या काळात सुमारे तेरा लाख जुने, पाणी गिळणारे कमोड बदलले गेले. जगातल्या कुठल्याही महानगराने अभिमानाने सांगावी अशी ही कामगिरी आहे. पण वाचवलेलं पाणी कोणाचं? १९५४ च्या निवाड्यात याचं उत्तर होतं. शहराचा वापर धरणांच्या खात्रीच्या उत्पन्नापेक्षा जेवढा कमी असेल त्या फरकातला ८३ टक्के भाग, ठरावीक मर्यादेपर्यंत, नदीत सोडावा असं न्यायालयाने लिहिलं होतं. वाचवलेल्या पाण्यावर पहिला हक्क नदीचा, हे तत्त्व सत्तर वर्षांपूर्वीच मान्य झालेलं आहे. नव्या करारांच्या आकडेमोडीत ते बारीक होत गेलं.

दुसरा आक्षेप असा की हा मासा तरी कुठे इथला आहे. ब्राउन ट्राउट १८८०च्या दशकात जर्मनीहून आला, रेनबो ट्राउट पॅसिफिक किनाऱ्याकडून आणला गेला. इथला खरा रहिवासी ब्रूक ट्राउट, तोही आता वरच्या ओहोळांपुरता उरला. मग परका मासा आणि त्याला पकडायची काही हौशी लोकांची मौज, यासाठी पिण्याचं पाणी का खर्चावं? यातलं पहिलं म्हणणं खरं आहे. पण धरणाखालची नदी मूळची राहिलीच नाही, ती आपणच घडवली. आपण तिला गार केलं, त्या गारव्यावर जीवसृष्टी वसली. शिवाय या पाण्यात एकटा ट्राउट नाही. समुद्रातून अंडी घालायला वर येणारा शॅड मासा आहे, ईल आहे, संकटग्रस्त यादीतला एक छोटा शिंपला आहे, मेफ्लायसारखे असंख्य किडे आहेत. एकाएकी आटणारा, एकाएकी फुगणारा प्रवाह यांपैकी कोणालाच मानवत नाही. हौशी लोकांची मौज म्हणाल, तर हॅनकॉक, डिपॉझिट, डाउन्सव्हिल या गावांत फिरून या. दूधधंदा आटला, लाकडाचे कारखाने केव्हाच गेले. आज तिथे होडी वल्हवणारे वाटाडे आहेत, गळाला लावायच्या कृत्रिम माश्या बांधणारे दुकानदार आहेत, चार खोल्यांचे मोटेल आणि नाश्त्याची हॉटेलं आहेत. एप्रिल ते ऑक्टोबर नदीवर माणूस आला तरच त्यांचं वर्ष निघतं. ज्या खोऱ्यातली गावं शहरासाठी बुडवली त्याच खोऱ्यातली ही उरलेली गावं. त्यांच्या पोटापाण्याला मौज म्हणून बाजूला सारणं मला तरी जमत नाही.

ट्राउटसाठी सोडलेलं पाणी संपत नाही, हा मुद्दा तर या वादात फारच कमी ऐकू येतो. पश्चिम फाट्यात सोमवारी सोडलेलं गार पाणी लॉर्डव्हिलला पारा खाली आणतं, दोन-अडीच दिवसांनी माँटेग्यूच्या १,७५० क्युसेकमध्ये मोजलं जातं, पुढे आपल्या कालव्याच्या तोंडाशी येतं आणि शेवटी फिलाडेल्फियाच्या खाली खाऱ्या पाण्याला रेटून धरतं. तेवढ्या पाण्यासाठी रिव्हर मास्टरला वेगळा विसर्ग मागावा लागत नाही. म्हणजे वेळ नीट साधली तर नदी गार ठेवण्याचा खरा खर्च आकड्यात दिसतो त्याहून बराच कमी आहे. हे ज्याला पटलं त्याला ट्राउट विरुद्ध माणूस असा सामनाच यात दिसणार नाही.

म्हणूनच नुसतं ‘जास्त पाणी सोडा’ ही घोषणा मला पुरेशी वाटत नाही आणि काही मासेमार मित्रांशी माझा इथे मतभेद आहे. जलाशयाच्या तळाचं गार पाणी मोजकं असतं. जूनमध्ये उदार हाताने सोडून दिलं तर ऑगस्टच्या शेवटी तळालाही कोमट पाणीच उरतं, आणि मग धरण असून नसून सारखं. वेळ चुकली तर भरपूर पाणीही निरुपयोगी ठरतं. हिवाळ्याचंही तसंच. ब्राउन ट्राउट ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोट्यांत खड्डा करून अंडी घालतो. त्या वेळी पाणी भरपूर असेल आणि डिसेंबरात विसर्ग एकदम कापला तर ती अंडी उघडी पडून गोठतात. शरद ऋतूत जेवढ्या पाण्यात अंडी घातली गेली त्याच्या फार खाली हिवाळ्यात प्रवाह जाऊ न देणं, हे उन्हाळ्यातल्या गारव्याइतकंच गरजेचं आहे. हिवाळ्यात जरा जास्त सोडलं तर जलाशयात जागाही राहते. सप्टेंबर २००४, एप्रिल २००५ आणि जून २००६ असे लागोपाठ तीन मोठे पूर पाहिलेल्या खालच्या गावांना ती जागा हवीच आहे. भरलेलं धरण मे महिन्यात सांडव्यावरून वाहत राहतं, तेव्हा ते पाणी शहराच्याही कामाचं नसतं आणि ट्राउटच्याही.

आपल्याकडे धरणाच्या खाली गेलेलं पाणी वाया गेलं असं म्हणायची सवय इतकी रुजली आहे की नदीचा स्वतःचा वाटा हा विषय सभेत काढला तरी लोक चमकतात. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या २०१० च्या निवाड्यात महाराष्ट्राच्या वाढीव वाट्यातले ३ टीएमसी किमान प्रवाहासाठी धरले गेले. गंगेच्या वरच्या पट्ट्यासाठी २०१८ मध्ये केंद्राने ऋतूनुसार २० ते ३० टक्के प्रवाह ठेवण्याची अधिसूचना काढली. नदी ही वाटेकरी आहे हे मान्य झालं, हे चांगलंच. पण दोन्हीकडे मोजमाप फक्त पाण्याच्या प्रमाणाचं. तापमान किती, प्रवाह कमी करायचा तो किती तासांत, माशांच्या अंडी घालण्याच्या काळात काय, याबद्दल काहीच नाही. डेलावेअरच्या लोकांनी निदान एका ठिकाणी, निदान उन्हाळ्यापुरता, तापमापक करारात आणला. हे इथे टिकलं आणि वाढलं तर उद्या भीमेच्या किंवा गोदावरीच्या खोऱ्यात बोलणाऱ्याला दाखवायला एक चालू उदाहरण मिळेल.

२०२८ च्या करारात तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात. थंड पाण्याची पेढी दुपटीहून थोडी वाढवून अर्धा टीएमसी करावी. साठ्याच्या जेमतेम दीड टक्का होतं ते, आणि दुष्काळाची पायरी जाहीर झाली तर ती कमी करायची तरतूदही असावी. ओल्या वर्षात न वापरलेलं पाणी पुढच्या वर्षाच्या खात्यात जमा व्हावं. दुसरं, २४ अंशांची मर्यादा हे आज गाठलं तर गाठलं असं उद्दिष्ट आहे, ते बंधनकारक करावं आणि पूर्व फाट्यालाही लागू करावं. पेपॅक्टनचं स्वच्छ पाणी शहराला हवंच आहे, पण त्यातलं थोडं त्याच्या स्वतःच्या नदीलाही हवं. तिसरं, विसर्ग कमी करायचा तेव्हा तो टप्प्याटप्प्याने, काही दिवस घेऊन कमी व्हावा. यासाठी तर एक थेंबही जादा लागत नाही, फक्त झडपा फिरवणाऱ्याच्या वेळापत्रकात बदल लागतो. हे शक्य आहे, कारण शहराकडे आज हवामान, हिमसाठा आणि येवा यांचा एकत्र अंदाज बांधणारी संगणकीय व्यवस्था आहे, जी १९५४ मध्ये कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

न्यू जर्सीच्या वतीने या वाटाघाटींत राज्याचा पर्यावरण संरक्षण विभाग बसतो. आजवर आपल्या राज्याची भूमिका मुख्यतः कालव्याच्या १० कोटी गॅलनची काळजी घेण्याची राहिली आहे आणि दुष्काळातल्या कपातीवर त्याने घासाघीसही केली आहे. ती काळजी रास्त आहे. पण वरच्या अंगाला नदी गार राहिली तर आपल्या कालव्याचं काहीच कमी होत नाही, उलट तेच पाणी खाली आपल्याकडे येतं. तेव्हा न्यू जर्सीने या तीन मागण्या स्वतःच्या म्हणून मांडायला काय हरकत आहे? कालव्याचं पाणी पिणाऱ्या आपल्या लोकांनी त्या विभागाला आणि आपल्या मतदारसंघातल्या आमदारांना पत्रं लिहावीत, डेलावेअर नदी खोऱ्याच्या आयोगाच्या जाहीर सुनावण्यांना जावं. तिथे मासेमार येतात, शहराचे अभियंते येतात, पूर पाहिलेल्या गावांचे लोक येतात. नळाचं पाणी पिणारे फारसे कोणी येत नाहीत, आणि करारावर सही होताना आमच्या ग्राहकांना हे परवडणार नाही असं त्यांच्याच नावाने सांगितलं जातं. परवडतं, हे आपणच तिथे उभं राहून सांगायला हवं.